टर्बो पेट्रोल इंजिनातील नॉकिंग: निदान कसे करावे आणि दुरुस्ती कुठवर न्यावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीला दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शनचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातील आकड्यांचे तक्ते, बदलून बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) १.१ बारवरून १.५ बारवर नेलेला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान खडखड ऐकू येते, आणि स्कॅनरवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पाच-सहा अंश मागे (उशिराकडे) गेलेले दिसते. एका गॅरेजने रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथले बेअरिंग) गेल्याचे सांगून इंजिन उतरवायला सांगितले. दुसऱ्याने मॅपमधले टायमिंग कमी करून देतो म्हटले. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारता.

तूर्त कोणाचेच ऐकू नये. दोघांनीही उपचार सांगितला आहे, पण टायमिंग नेमके कोणत्या सिलिंडरमध्ये मागे जाते हे दोघांपैकी एकानेही पाहिलेले दिसत नाही. चारही सिलिंडरमध्ये सारखेच मागे जात असेल तर दोष सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टीत असतो, म्हणजे इंधन, हवा, बूस्ट किंवा मॅप यांत. एकाच सिलिंडरमध्ये मागे जात असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, प्लग, कार्बन किंवा शीतकरण तपासावे लागते. पुढचा सगळा खर्च या एका फरकावर ठरतो. तो कळेपर्यंत मूळ मॅप परत टाकावा, मिळेल तितक्या वरच्या ऑक्टेनचे (आपोआप पेटण्यास जास्त विरोध करणारे) पेट्रोल भरावे आणि वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नये.

आवाज ज्वलनाचा आहे की धातूचा, हे सर्वांत आधी ठरवावे. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते आणि ज्वालाही नीट पसरू लागते. परंतु सिलिंडरच्या कडेला उरलेले, अजून न जळलेले मिश्रण वाढत्या दाबाने व उष्णतेने ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटते. त्यातून निघणाऱ्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात आणि त्यांची कंपनसंख्या मुख्यतः बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) व्यासावर अवलंबून असते. ८६ मिमी बोअरला ती साधारण साडेसहा किलोहर्ट्झ येते. म्हणूनच हा आवाज कोरडा आणि तीक्ष्ण असतो, कढईत फुटाणे उडावेत तसा. तो इंजिनवर लोड असतानाच येतो, बूस्ट पूर्ण भरल्यावर टॉर्क जिथे सर्वाधिक असतो तिथे सर्वांत जास्त येतो, आणि आरपीएम आणखी वाढले की बहुधा कमी होतो, कारण त्या कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटण्याइतका वेळच उरत नाही. आपण सांगितलेला ३,५०० ते ४,५०० चा पट्टा या वर्णनात बसतो.

रॉड बेअरिंगचा ठोका वेगळा असतो. तो जड आणि खोल असतो, क्रँकच्या गतीबरोबर घट्ट बांधलेला असतो आणि त्याला पूर्ण बूस्टची गरज नसते. गरम इंजिन गाडी उभी असतानाच हळूहळू २,५०० आरपीएमपर्यंत न्यावे आणि ॲक्सिलरेटर सोडावा. रॉडवरचा भार उलटतो त्या क्षणी ठोका स्पष्ट होतो. मग स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून पाहावा. दोषी सिलिंडरचे इंधन तोडले की ठोका उतरतो किंवा त्याची लय बदलते. तेलाचा दाब यांत्रिक गेज लावून मोजावा. गरम इंजिनात दर १,००० आरपीएममागे साधारण ०.७ बार हा जुना हिशेब अजूनही कामाला येतो, अंतिम आकडा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरावा. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात पाहिला तर बेअरिंगची चकाकी दडत नाही. हे सगळे ठीक निघाले तर पहिल्या गॅरेजचा सल्ला बाजूला ठेवावा. पिस्टन स्लॅप (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज) थंड इंजिनात जास्त असतो आणि गरम झाल्यावर विरतो, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरांची टकटक आयडलवरही ऐकू येतेच; त्या दोन्हींनी घाबरण्याचे कारण नाही.

आता सेन्सरविषयी. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर आवळलेला पिझो स्फटिक. तो कंपने ऐकतो, आणि ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या टीडीसीनंतरच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या बिंदूनंतरच्या) ठरावीक अंशांतच त्याचे म्हणणे विचारात घेतो; म्हणूनच कोणता सिलिंडर नॉक करतो हे त्याला वेगळे सांगता येते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने आपल्या टर्बो गाड्यांत याच सेन्सरच्या आधारे बूस्ट कमी करण्याची व्यवस्था बसवली होती. आजचे ईसीयू आधी टायमिंग आणि मग बूस्ट कमी करतात. मात्र या सेन्सरला ज्वलन आणि धातू यांतला फरक पुरता कळत नाही. सबफ्रेमला टेकणारा एक्झॉस्ट, सैल ब्रॅकेट, कडक इंजिन माउंट, फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनची थंडीतली खळखळ यांपैकी काहीही त्याच्या पट्ट्यात आले की तो टायमिंग मागे घ्यायला लावतो. सेन्सर स्वतः कसा बसवला आहे हेही पाहावे. प्रचलित सपाट रिंगच्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. त्याच्याखाली वॉशर, रंग किंवा गंज असता कामा नये. अंदाजाने आवळलेला सेन्सर एकतर बहिरा होतो किंवा नको ते ऐकू लागतो.

खोटा इशारा ओळखण्याची सोपी कसोटी अशी आहे. टाकीत बरेच वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल भरून त्याच परिस्थितीत पुन्हा नोंद घ्यावी. टायमिंगची माघार स्पष्टपणे कमी झाली तर ती ज्वलनाची होती. जराही हलली नाही तर आधी धातू शोधावा. शंका उरलीच तर मी अजूनही तांब्याच्या नळीचे साधन वापरतो. साधारण ८ मिमीच्या नळीचे एक टोक हातोडीने चपटे करून त्याला भोक पाडायचे आणि ते ब्लॉकवरच्या बोल्टखाली आवळायचे, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी जोडून ती कानांवरच्या जाड ध्वनिरोधक कपांत सोडायची. डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) उभ्या गाडीत हे लावून ऐकले की इंजिनाचा नेहमीचा गोंगाट खाली राहतो आणि नॉकचा प्रत्येक तडाखा सुटा ऐकू येतो. चालत्या गाडीत चालकाने हे कधीही कानाला लावू नये.

यानंतर नोंद, म्हणजे लॉग. ती डायनोवर किंवा बंद ट्रॅकवरच घ्यावी: तिसरा किंवा चौथा गिअर, २,५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत एकसलग पूर्ण थ्रॉटल. नोंदीत चारही सिलिंडरची टायमिंग-माघार वेगवेगळी, मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट, इनटेक हवेचे तापमान, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), पंपाकडून येणारा आणि रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) असे इंधनाचे दोन्ही दाब, आणि कूलंटचे तापमान हवे. निर्मात्यागणिक नावे बदलतात. सुबारूसारख्या काही ईसीयूंत तात्पुरती दुरुस्ती, शिकून ठेवलेली दुरुस्ती आणि एकूण टायमिंगचा गुणक असे तीन वेगळे आकडे दिसतात, आणि शिकून ठेवलेला आकडा खराब असेल तर आज नॉक नसूनही गाडी मंद वाटते. अर्धा-एक अंशाची, कधी या तर कधी त्या सिलिंडरमधली माघार मी सोडून देतो. त्याच आरपीएमला, त्याच सिलिंडरमध्ये, प्रत्येक वेळी तीन अंश किंवा त्याहून अधिक माघार दिसली तर ती सोडण्यासारखी नसते.

समजा चारही सिलिंडर एकत्र मागे जात आहेत. आपल्या गाडीत मला ही शक्यता जास्त वाटते, कारण बूस्ट वाढवला आणि बाकीचे तसेच राहिले असे आपल्या वर्णनावरून दिसते. इथे थोडा हिशेब करून पाहावा. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १.१ बार बूस्टला टर्बोतून हवा सुमारे १३० अंशांनी बाहेर पडते, १.५ बारला सुमारे १६० अंशांनी. शिवाय छोटा टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर ढकलला की ती कार्यक्षमताही टिकत नाही आणि आकडा आणखी चढतो. ही वाढीव उष्णता मूळ इंटरकूलरने (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाने) काढून टाकावी अशी अपेक्षा असते, आणि पहिल्या धावेत तो ती काढतोही. तिसऱ्या-चौथ्या धावेला तो स्वतःच तापलेला असतो. म्हणून एकच नोंद घेऊन थांबू नये, लागोपाठ घ्याव्यात. एका धावेत हवेचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांच्या आत राहिले तर ठीक; पस्तीस-चाळीस अंश वर गेले आणि माघारही त्याच चढाने वाढत गेली, तर इंटरकूलरकडेच जावे. बदलण्याआधी तो काढून आतून पाहावा. तेलाचा थर बसलेला इंटरकूलर धुतल्यावर बराच सुधारतो.

ते तेल आले कुठून, हाही प्रश्न तिथेच सोडवावा, कारण हवेबरोबर जाणारी तेलाची वाफ मिश्रणाचे प्रभावी ऑक्टेन उतरवते. अशा वेळी टर्बोचे सील गेले म्हणून टर्बो बदलण्याची घाई फार होते. प्रत्यक्षात बरेचदा क्रँककेसचा पीसीव्ही वॉल्व्ह (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) अडकलेला असतो किंवा टर्बोतून तेल परत नेणारी नळी अर्धी बुजलेली असते, आणि दाब वाढल्यामुळे चांगल्या सीलमधूनही तेल ढकलले जाते. नवा टर्बो बसवूनही ते तसेच येत राहते.

बूस्टची रेषाही नीट वाचावी. मागितलेला १.५ आणि प्रत्यक्ष १.७ बार अशी उडी दिसली तर वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) अडकते आहे, त्याच्या नळीला चीर आहे किंवा नियंत्रण मॅपमध्ये चुकले आहे. प्रत्यक्ष बूस्ट कमी असून वेस्टगेट जवळपास बंद राहत असेल तर गळती शोधावी: इनटेक बंद करून त्यात सुमारे १ बार हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी फिरवावे. गळती असली की टर्बो तेवढाच बूस्ट देण्यासाठी जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलेला असेल तर एक्झॉस्टचा दाब वाढतो, जळालेला गरम वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि नॉक येतो. याचा संशय सहसा फार उशिरा घेतला जातो.

इंधनाच्या बाजूला, पूर्ण लोडवर लॅम्ब्डा साधारण ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान असावा. वरच्या आरपीएमला तो १ कडे सरकू लागला आणि त्याच वेळी रेलमधला दाब मागणीपेक्षा खाली आला, तर टाकीतला पंप, फिल्टर आणि हाय-प्रेशर पंप याच क्रमाने तपासावेत. टाकीतला पंप अशक्त असला की हाय-प्रेशर पंप दोषी दिसतो, म्हणूनच दोन्ही दाब एकाच नोंदीत हवेत. ऑक्टेनचे आकडे वाचतानाही सावध असावे: काही देशांत पंपावर आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) लिहिलेला असतो, तर काही ठिकाणी आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी. सरासरीने ९१ असलेले पेट्रोल आरओएनने साधारण ९५-९६ भरते. एका देशात तयार झालेला मॅप दुसऱ्या पेट्रोलवर चालवला की नॉक येण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

हे सगळे निर्दोष निघाल्यावरच मॅप चुकीचा म्हणता येतो, आणि तेव्हा दुसऱ्या गॅरेजचा उपाय योग्य ठरतो, तोही अर्धवट. केवळ टायमिंग मागे घेतले तर ज्वलन उशिरा संपते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. त्याचा भार टर्बोच्या टर्बाइनवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पडतो. माझ्या मते आधी टॉर्कच्या शिखराजवळचा बूस्ट ०.१ ते ०.२ बारने उतरवावा आणि मग टायमिंगला हात घालावा. काही जण नॉक सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून देतात; तशी सूचना कोणी केली तर त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

आता दुसरी वाट: एकच सिलिंडर. इथे अदलाबदल हे सर्वांत स्वस्त हत्यार आहे. आधी प्लग. तो तिथला काढून शेजारी लावावा आणि माघार त्याच्या मागे जाते का ते पाहावे. काढलेला प्लग भिंगाखाली तिरप्या उजेडात धरावा. चिनी मातीवर काळे बारीक ठिपके किंवा ॲल्युमिनिअमचे चकाकणारे सूक्ष्म मणी दिसले तर पिस्टनचा पृष्ठभाग झिजून तिथे उडालेला आहे. मग अदलाबदल थांबवून थेट आत पाहावे. वाढवलेल्या बूस्टला एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग आणि ०.६ ते ०.७ मिमी गॅप सहसा योग्य बसतो. सैल बसलेला प्लग आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि तापून स्वतःच मिश्रण पेटवू लागतो, म्हणून तिथे टॉर्क पाना वापरावा. प्लगने काही बदलले नाही तर इंजेक्टर बेंचवर तपासून त्याचा प्रवाह आणि फवाऱ्याचा आकार इतरांशी ताडावा; लॅम्ब्डा सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो, त्यामुळे एक सिलिंडर लीन (पेट्रोल कमी पडणारा) असूनही एकूण आकडा निर्दोष दिसू शकतो. नेहमी एकाच टोकाचा सिलिंडर त्रास देत असेल तर कूलंटमधली अडकलेली हवा आणि थर्मोस्टॅट पाहावा.

नंतर बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत पाहण्याचा छोटा कॅमेरा. पिस्टनच्या डोक्यावर सर्वत्र काजळीचा पातळ थर असणे नैसर्गिक आहे. कडेचा भाग वाळूने घासल्यासारखा खरखरीत आणि उघडा दिसला तर तिथे नॉकिंग बराच काळ चालले आहे. ज्वलनकक्षात कार्बनचे जाड थर असतील तर ते कॉम्प्रेशन वाढवतात आणि निखाऱ्यासारखे तापून राहतात. पॉलिइथर-अमाइन असलेले इंधन-क्लीनर काही टाक्या वापरल्यावर त्यात बराच फरक पडतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक वॉल्व्हच्या मागे पेट्रोल पोहोचतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन अशा क्लीनरने जात नाही. तिथे अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करावा लागतो.

एक अपवाद इथे नोंदवतो. आवाज १,५०० ते २,५०० आरपीएमवर, जास्त लोडखाली, एखाद-दुसऱ्या जड धडाक्यासारखा येत असेल तर ते नॉकिंग नसून लो-स्पीड प्री-इग्निशन असण्याची शक्यता असते. त्यात मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटते, त्यामुळे टायमिंग कितीही मागे घेतले तरी उपयोग होत नाही, आणि एकच धडाका पिस्टन फोडू शकतो. इंजिन ऑइलमधील कॅल्शिअमयुक्त डिटर्जंटचा यात हात असल्याचे दिसल्यामुळे २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या वर्गात याची चाचणी आहे. तुमच्या इंजिनाला चालत असेल तर याच वर्गाचे ऑइल घालावे. आपल्या लक्षणांत ही गोष्ट दिसत नाही.

शेवटी, आत नुकसान झाले आहे का. कॉम्प्रेशन चाचणीत सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. लीक-डाउनमध्ये (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्याच्या चाचणीत) १० टक्क्यांपर्यंत गळती चांगली, २० च्या वर गेली तर हवा कुठून जाते ते ऐकावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग किंवा रिंगलँड (पिस्टनवरील रिंगच्या खाचांमधली कड) गेलेली आहे. तुटलेली रिंगलँड दुरुस्त होत नाही, पिस्टन बदलावाच लागतो. पिस्टन काढल्यावर रिंगची दोन्ही टोके मात्र अवश्य पाहावीत. ती एकमेकांवर घासून आरशासारखी चकचकीत झाली असतील तर गॅप कमी होता, उष्णतेने रिंगची टोके भिडली आणि लँड त्यामुळे तुटली. अशा वेळी नॉकवर खापर फोडून तसाच गॅप पुन्हा ठेवला तर नवा पिस्टनही तसाच तुटेल. बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात वरच्या रिंगला बोअरच्या दर १०० मिमीमागे साधारण ०.५ मिमी गॅप हा सर्वसाधारण मापदंड आहे. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळावा. हेड उघडलेच आहे तर त्या सिलिंडरच्या रॉडचे वरचे बेअरिंग काढून पाहावे, कारण नॉकचे हादरे आधी त्याच शेलवर बसतात. फोर्ज्ड पिस्टन घालावेत का, असे आपण पुढे विचाराल. ते मार जास्त सोसतात, पण नॉकचे कारण तसेच राहिले तर तेही झिजतात, आणि २६१८ या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे पिस्टन थंडीत इतके खळखळतात की नॉक सेन्सरची मर्यादा नव्याने ठरवावी लागते.

दुरुस्तीनंतर पहिल्या धावा केवळ वेस्टगेट स्प्रिंगच्या बूस्टवर घ्याव्यात, शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसून टाकाव्यात आणि बूस्ट ०.१ बारच्या टप्प्याने चढवावा. प्रत्येक टप्प्याला गरम इंजिनात लागोपाठ तीन धावांची नोंद घ्यावी आणि तिसऱ्या धावेवरच निर्णय घ्यावा. सध्या मात्र मूळ मॅपवर एक आणि वाढवलेल्या मॅपवर, वरच्या ऑक्टेनसह डायनोवर, एक अशा दोन नोंदी चारही सिलिंडरच्या वेगळ्या रकान्यांसह घ्या, आणि इंजिन उतरवण्याचा निर्णय त्या हाती येईपर्यंत थांबवा.